केनवडची दोन सीटची मोटार

केनवडला मी मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा गावात मोटार एकच होती आणि ती चालवणारा माणूसही एकच होता. मोटार माणिकराव देशमुखांची, माणूस बौद्धपुऱ्यातला पुंजाजी खंडारे. माझ्या येण्याआधीचं जे काही खाली लिहिलं आहे ते ऐकीव आहे. पण आमच्या भागात माणसं न विचारता सांगतात आणि एकच गोष्ट चार जण चार वेळा सांगतात, त्यामुळे खोटं फार टिकत नाही. पुढचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. पुंजाजीनं आयुष्यात कुणाकडं काही मागितल्याचं मला माहीत नाही. एकदाच मागितलं. ती मोटार अख्खी जावी, तिचे तुकडे होऊ नयेत, एवढंच.

मोटार तशी बेतास बात होती. बुटकी, लांब नाकाची, गर्द हिरवी. सायकलला असतात तशी तारांची चाकं, टप नाही, आणि बसायला जागा दोघांपुरती. सत्तेचाळीस साली अकोल्याचा एक गोरा इंजिनिअर देश सोडून निघाला आणि जाता जाता ती माणिकरावांच्या गळ्यात मारून गेला. साहेबाच्या ड्रायव्हरनं ती आणून घरापुढं लावली, चावी हातात दिली, कागदपत्र काही दिलं नाही, आणि तो आल्या पावली परत गेला. मग माणिकरावांच्या ध्यानात आलं की आपल्याला बैलगाडीपलीकडं काही हाकता येत नाही.

पंचक्रोशीत मोटार चालवणारा एकच निघाला. पुंजाजी नुकताच पलटणीतून परत आला होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यानं चिखलातून ट्रक काढले होते. त्याचा बाप ग्यानबा गावकीची कामं करायचा, मेलेली ढोरं ओढायचा, आणि देशमुखांच्या ओट्याला लांबून जोहार घालायचा. आता त्याच ग्यानबाचा पोरगा मोटार चालवणार म्हणजे मालकांच्या मांडीला मांडी लावून बसणार. मागं सीट असती तर मालक मागं बसले असते आणि सगळ्यांची अब्रू राहिली असती. पण विलायतेत मोटार बनवणाऱ्यानं केनवडचा विचार केला नव्हता.

माणिकराव दोन दिवस मोटारीभोवती फिरले आणि तिसऱ्या दिवशी बसले. त्यांच्या आईनं परत आल्यावर त्यांना अंगणातच आंघोळ घातली, कपड्यांसकट. दुसऱ्या फेरीला दुसरी आंघोळ. असं महिनाभर चाललं. शेवटी माणिकरावांनी आंघोळ सोडली, मोटार सोडली नाही. गाव बोललं, सोयरे रुसले, मग सगळे थकले. पुढं तर वाशीमच्या बाजाराला जायला लिफ्ट मिळावी म्हणून तेच सोयरे मोटारीला गोंजारू लागले. पण जागाच नव्हती. दोघांपुरतीच होती ती.

पुंजाजीला मोटार कशी ठेवायची हे पलटणीनं शिकवलं होतं. तिथं अंगावरच्या पितळी बटणात सुभेदाराला स्वतःचं तोंड दिसलं नाही तर शिक्षा व्हायची. दर शनिवारी तो यायचा. देशमुखांच्या घरातून दुर्गाबाई, म्हणजे मालकीणबाई, चिंचेचा गोळा आणि चाळलेली राख बाहेर पाठवायच्या. पुंजाजी मोटारीवर जेवढं म्हणून पितळ होतं तेवढं त्या चिंचेनं नि राखेनं घासायचा. दिव्यांच्या कडा, पेट्रोलचं झाकण, आणि बॉनेटखाली इंजिनाच्या पाठीमागं ठोकलेली तळहाताएवढी एक पट्टी. गंजावर त्याचा दात होता. पावसाळ्याच्या तोंडी मोटारीखाली गोणपाट टाकून तो आडवा व्हायचा, खालचं लोखंड काचपेपरनं पांढरं होईस्तोवर घासायचा आणि वरून रंगाचा हात द्यायचा.

छप्पन साली दसरा आला. दसऱ्याला मोटारीची पूजा व्हायची आणि मग पुंजाजी मालकांना घेऊन शिवेपर्यंत फेरी मारायचा. त्या वर्षी आठ दिवस आधी तो ओट्यासमोर उभा राहिला.

"मालक, दसऱ्याले मी नाई. नागपूरले जाऊन राह्यलो."

"सारेच चालले म्हन्तेत. तूही चालला?"

"चाललो."

माणिकराव बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "जा." त्या दसऱ्याला मोटार जागची हलली नाही. पुंजाजी बौद्ध होऊन परतला. दुसऱ्या शनिवारी चिंच न्यायला आला तेव्हा माणिकरावांनी विचारलं, "आता तुले काय म्हनाचं रे?"

"पुंजाजीच म्हना मालक. फक्त थो 'रे' सोडा."

घरातून सगळे बघत होते. माणिकरावांनी त्याच्याकडं पाहिलं आणि मोटारीचं डावं दार उघडून बसत म्हणाले, "चला पुंजाजी." तेव्हापासून शेवटपर्यंत 'रे' निघाला नाही. पूजेला पुंजाजी पुन्हा कधी थांबला नाही, आणि माणिकरावांनी त्याला पुन्हा कधी थांब म्हटलं नाही. घासणं मात्र चालू राहिलं.

शेवट अडुसष्ट साली झाला. तेव्हा मी केनवडला होतो. माणिकरावांच्या छातीत दुखायला लागलं, आणि पुंजाजी त्यांना घेऊन अकोल्याला निघाला. पातूरच्या अलीकडं माणिकरावांची मान त्याच्या डाव्या खांद्यावर कलली. त्याला कळलं होतं. तरी त्यानं मोटार थांबवली नाही, दवाखान्यापर्यंत नेली, आणि डॉक्टरनं सांगितल्यावर तशीच परत आणली. मला तो म्हणाला होता, "गुरुजी, येताना बी मान माह्याच खांद्यावर होती. बांधून आनता आलं असतं. म्या नाई बांदलं."

आता मोटारीचं त्याला काय होतं हे मी आणखी सांगत बसत नाही.

माणिकरावांना मूलबाळ नव्हतं. सगळं पुतण्याकडं गेलं. बबनराव वाईट माणूस नव्हता. त्याला घाई होती, एवढंच. पेट्रोल महागलं तशी मोटार गुरांच्या कोठ्यात उभी राहिली. पुंजाजी दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबायचा आणि शनिवारी येऊन तिला पुसायचा, हँडल मारून चालू करायचा, तिचा आवाज ऐकून बंद करायचा. त्याचं त्याला कुणी काही देत नव्हतं आणि तोही कधी बोलला नाही. पंचाहत्तर साली बबनरावानं ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. ट्रॅक्टरला कोठा पाहिजे होता.

त्याच हिवाळ्यात नागपूरचा गोविंदसिंग आला. गावात नवा माणूस आला की पहिल्यांदा शाळेत येतो, जसा काही मी पोस्टाची पेटी आहे. हा उंच, पिळदार मिशांचा, सतत हसणारा. धंदा विचारला तर म्हणाला, जुन्या मोटारी शोधतो. मला वाटलं भंगारवाला. तो दुखावला. म्हणाला, "गुरुजी, भंगारवाला वजन करतो. मी खानदान पाहतो."

आणि खरंच तो खानदान पाहत होता. मुंबईचा एक शेठ अशा मोटारी जमवायचा आणि गोविंदसिंग त्याच्यासाठी हिंडायचा. राजेलोकांचे तबेले, चहामळे, बंद पडलेल्या गिरण्या, सगळीकडं. केनवडच्या मोटारीचा माग त्यानं कलकत्त्यापासून काढला होता. विलायतेतल्या एका लहानशा कारखान्यानं शर्यतीसाठी मोजक्याच अशा मोटारी बनवल्या आणि लढाईच्या आधीच तो कारखाना बुडाला. त्यातली एक कलकत्त्याला उतरली, तिथं दोनदा शर्यत जिंकली, मग कुणा गोऱ्या इंजिनिअरनं घेतली, आणि तो इंजिनिअर बदली होऊन वऱ्हाडात आला. पुढं अंधार. गोविंदसिंग अकोल्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्र्यांना विचारत विचारत केनवडला पोचला होता.

देशमुखांच्या ओसरीत चहा घेताना त्यानं सगळं उघड करून सांगितलं. बबनराव, दुर्गाबाई, मी आणि ओट्याच्या कडेला पुंजाजी, सगळे ऐकत होतो. तो म्हणाला की कारखाना प्रत्येक मोटारीवर नंबर ठोकायचा. एक पितळी पट्टीवर, एक खालच्या लोखंडावर. "शर्यत जिंकलेल्या गाडीचा नंबर सत्तर हजार चारशे एकोणीस. हा नंबर मिळाला तर गाडी अख्खी मुंबईला जाईल. शेठ तिला राणीसारखी ठेवेल. रस्त्यावर पळवेल. पुंजाजी भाऊ, तुम्हीच चला तिला शिकवायला."

पुंजाजीचा चेहरा उजळला. मी त्याला इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"आन् नाई मिळाला तं?" बबनरावानं विचारलं.

"मग ती कोणती गाडी हे कोण सांगणार? शेठकडं याच जातीची एक दुसरी आहे, तिचं पोट रिकामं आहे. मग ही सुट्या भागांसाठी जाईल. इंजिन, चाकं, गिअर त्या गाडीला बसतील. बाकी लोखंड."

"थे नाई होत," पुंजाजी उभा राहत म्हणाला. "नंबर हाय तिच्यावर. चला, दाखवतो."

कोठ्यात मोटार उभी होती. गोविंदसिंगानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि त्याचं हसू थांबलं. त्यानं टोपी काढली. आम्ही देवळाच्या पायरीशी जोडे काढतो तसं. चाकाच्या तारा बोटांनी वाजवून पाहिल्या, दरवाजा उघडून कान लावला. "चाळीस वर्षांची गाडी," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि दार अजून कुजबुजतं." पुंजाजीनं बॉनेट उचललं. आत पितळी पट्टी लखलखत होती.

गोविंदसिंग वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग त्यानं खिशातून पातळ कागद काढला, पट्टीवर ठेवला आणि वरून पेन्सिल आडवी फिरवली. कागद नुसता काळा झाला. त्यानं पट्टीवर फुंकर मारली, कंदील मागवून तिरपा धरला, बोटाच्या पेरानं चाचपलं. पट्टीत त्याच्या मिशा स्पष्ट दिसत होत्या. दुसरं काही दिसत नव्हतं.

"ही कोणी घासली?" त्यानं हळू विचारलं.

"म्या," पुंजाजी म्हणाला. अजून त्याला कळलं नव्हतं; हात दर शनिवारी फिरत होता, पण पाठ असलेला नंबर वाचायचं त्यानं कधीच सोडलं होतं. तो कौतुकाची वाट पाहत होता. "दर शनवारी. एक बी शनवार खाडा नाई."

गोविंदसिंग जमिनीवर आडवा झाला आणि मोटारीखाली सरकला. पुंजाजीनं घाईघाईनं गोणपाट पुढं केलं. खालून चाकूनं रंग खरवडल्याचा आवाज येत राहिला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या मिशांवर हिरव्या रंगाचे कपटे होते.

"खाली पण काचपेपर मारला?"

"मिरगाआंधी. दरसाल."

"पुंजाजी भाऊ," गोविंदसिंग म्हणाला, आणि त्या माणसाला बोलणं जड जात होतं हे मी पाहिलं, "मी सडलेल्या गाड्या पाहिल्या. कोंबड्यांनी घाण केलेल्या, उकिरड्यात रुतलेल्या. त्या सगळ्यांचे नंबर मिळाले. घाणीनं सांभाळून ठेवले होते. ही एकच अशी की जिला कोणी सांभाळलं."

मला त्याचा राग आला. खरं बोलला म्हणून आला असेल.

पुंजाजी पट्टीकडं पाहत होता. मग एकदम म्हणाला, "मले पाठ हाय नंबर! सेवन, झिरो, फोर, वन, नाईन. पलटणीत इंग्रजी आकडे शिकोले होते. साताच्या पोटात आडवी रेघ होती, आन् चाराचं शिंगट थोडं वाकडं ठोकलं होतं."

पण तोच आकडा अर्ध्या तासापूर्वी गोविंदसिंगानं ओसरीत सगळ्यांसमोर उच्चारला होता.

"भाऊ, माझा भरवसा आहे," गोविंदसिंग म्हणाला. "देवाशपथ. पण शेठ म्हणेल, तूच नंबर सांगितला आणि त्यानं तोच म्हणून दाखवला. तुमचं तोंड मी कागदावर कसं उतरवू?"

"साताची रेघ तं तुमी नोयती सांगतली! वाकडं शिंगट नोयतं सांगतलं!"

"नाही सांगितलं. पण ती रेघ दाखवायला आता आहे कुठं?"

पुंजाजीनं पट्टीवर अंगठा ठेवला, जिथं सात असावा तिथं. दाबून धरला, जसा काही खालून वर येईल. "गुरुजी," तो माझ्याकडं वळला, "तुमी सांगा न याईले. शिकेल माणसाचं आयकतीन. म्या काहून खोटं बोलीन?"

मी सांगितलं. माझ्या सांगण्यानं काय होणार होतं? मीही तो आकडा त्याच ओसरीत पहिल्यांदा ऐकला होता. पट्टी मी आयुष्यात कधी वाचली नव्हती. देशमुखांच्या घरात कुणीच वाचली नव्हती. ती वाचणारा माणूस एकच होता, आणि त्यानंच ती पुसली होती.

दुर्गाबाई दाराशी उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर ओढून त्या पहिल्यांदाच पुढं आल्या. "चिंच तं मीच धाडत होती," त्या म्हणाल्या. "त्याईच्या एकल्याच्या माथी नका मारू."

"माथी कोन मारून राह्यलं काकू?" बबनराव वैतागून म्हणाला. "पर कोठा खाली करा लागते. ट्रॅक्टर येऊन राह्यला पुढच्या आठवड्यात."

तेव्हा पुंजाजीनं मागितलं. बबनराव त्याच्या डोळ्यांदेखत वाढलेला. त्याच्यापुढं त्यानं हात जोडले. "भाऊ, माह्या अंगनात उभी करतो. पत्रे टाकतो वरून. विकू नका म्हनत नाई. कोनी तिले वळखनारा आला तं त्याले द्या. पर तोडू नका. मालकाची शेवटची बैठक हाय थे."

बबनराव क्षणभर घुटमळला, मला तसं वाटलं. दुर्गाबाई त्याच्याकडं आशेनं पाहत होत्या. पण मोटार पुंजाजीच्या अंगणात उभी राहणार म्हणजे देशमुखांची मोटार बौद्धपुऱ्यात उभी राहणार. हे कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका माणसानं आंघोळ सोडली म्हणून गाव बदललं असं मी समजत होतो.

"देल्ला शबुद," बबनराव खाली पाहत म्हणाला. "आता गोविंदसिंगाची हाय थे. वाशीमहून मिस्त्री बोलावतो खोलाले."

पुंजाजीचे हात खाली आले. त्यानं मोटारीकडं पाहिलं, मग गोविंदसिंगाकडं.

"मिस्त्री नका बोलावू," तो म्हणाला. "थे छिन्नी मारतीन. म्याच खोलतो."

त्यानंच खोलली. शाळा सुटली की मी जाऊन बसायचो. माझ्याच्यानं राहवायचं नाही. प्रत्येक नट तो तेल सोडून, फुंकर घालून, हातानं फिरवायचा. निघालेला भाग रॉकेलनं धुवायचा, कोरडा करायचा आणि सोजरबाईनं, त्याच्या बायकोनं, फाडून दिलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायचा. गिअरची पेटी सोडताना त्यानं गोविंदसिंगाला सांगितलं, "मुंबईच्या ड्रायव्हरले सांगजा, तिसरा गेर थंडीत अडते. जोर नोको लावू म्हना. सबूर केली का आपोआप पडते." गोविंदसिंग मान हलवत होता. मिशा पिळायचं तो विसरला होता. जाताना त्यानं पुंजाजीला विचारलं, काही ठेवून घ्यायचं आहे का, ती पट्टी तरी? पुंजाजी नाही म्हणाला.

ट्रक गेला. हिरवा पत्रा उरला तो बबनरावानं रिसोडच्या भंगारवाल्याला दिला. कोठ्यात ट्रॅक्टर आला, लाल, मोठा, एकाच सीटचा.

पुढचे दोन-तीन शनिवार पुंजाजी सवयीनं वाटेला लागला आणि वेशीपासून परतला. मग यायचा बंद झाला. वावरात कामाला जायचा, पण बोलणं तुटलं. वर्ष उलटलं, मी एकदा त्याच्या घरी गेलो. सोजरबाईनं पाणी दिलं ते काळ्याठिक्कर पडलेल्या पितळी तांब्यातून. इतक्या टापटिपीच्या घरात तसा तांब्या पाहून मी चमकलो असेन, कारण ती बाई शरमली.

"काय सांगू गुरुजी, थे घासूच देत नाईत," ती म्हणाली. "राख हाती घेतली का हिसकून घेतेत. सोयरे हासून राह्यले मले."

पुंजाजी भिंतीला टेकून बसला होता. त्यानं हात पुढं करून तांब्या मागितला, फिरवून एक बाजू माझ्यासमोर धरली. काठाखाली जुन्या वळणाची अक्षरं ठोकलेली होती, लग्नात भांड्यावर ठोकतात तशी. घासून घासून त्यातली पहिली दोन गेलीच होती. उरलेल्यांवर काळं साचलं होतं म्हणून ती कशीबशी वाचता येत होती.

"बापाचं नाव हाय," तो म्हणाला. "सात-बाऱ्यावर नाई, शाळंत नाई, कोठीच नाई. एवढंच हाय."

त्यानं तांब्या मांडीवर ठेवला, आणि पुसायला गेलेला हात मधेच आवरून घेतला.